वहिनी गुलाबी

परमपूज्य, परमदयाळू आणि (आईच्या नकळत) परमगुप्त वहिनीस, तुझ्या एकुलत्या एका नणंदेचा साष्टांग नमस्कार. स्वयंपाकघरात आडवं व्हायला जागा नसल्यामुळे तो स्टुलावर बसूनच घातलाय, पण तू साष्टांगच धर.

तुझी कंबर कशी आहे? दादाचं घोरणं कमी झालं, की तू अजून बाहेरच्या खोलीत झोपतेस? भिंगरीचे खालचे दोन दात आले असं आईने कौतुकाने सांगितलं, पण तेव्हा मागून तुझी लेक ज्या पट्टीत ओरडत होती त्यावरून वरचेही वाटेत असावेत. आमच्याकडे सगळं ठीक. सासूबाईंची साखर ताब्यात आहे (तिचं एक रामायण आहे, ते पुढे येईलच). हेही मजेत. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं सोडवतात आणि संध्याकाळी घरी येताना सगळे मजले पायी चढतात, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आता तू म्हणशील, फोन असताना ही बया पत्र कसलं लिहीत बसली? अगं, तुझा मोबाइल भिंगरीच्या हातात, भिंगरी आईच्या मांडीवर, आणि आई तो कानाला लावून आधी सगळं ऐकून घेते, मग विचारते कोण बोलतंय म्हणून. मागे फोन लागल्या लागल्या मी, "वहिनी, या महिन्यात पण नाही गं," असं बोलून बसले, तर पलीकडून आई म्हणाली, काय नाही? मी म्हटलं, सुट्टी. तेव्हापासून ती माझ्या दुकानाच्या बिचाऱ्या मालकांवर दात खाऊन आहे.

तर मुख्य गोष्ट, तुझा चहाचा डबा मिळाला. वरती बोटभर चहा आणि खाली त्या बीज कधी सुटतं ते बघायच्या पट्ट्यांची पाकिटं, आणि सोबत तुझी चिठ्ठी, की भिंगरीच्या वेळी मला अर्धाच डबा लागला, उरलेला तुला. वहिनी, ते वाचून मी आधी हसले आणि मग चिठ्ठी परत डब्यात ठेवून झाकण लावलं. दुसऱ्यांदा आयव्हीएफ फसल्यानंतर लोकांनी मला काय काय दिलं म्हणून सांगू! सल्ले दिले, उपास सांगितले, एका बाईने तर तिच्या मावससासूच्या शेजारणीचा पत्ता दिला. उरलेला अर्धा डबा फक्त तू दिलास. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता शरीराला जरा विश्रांती द्या, पुढची फेरी नंतर बघू, मधल्या काळात घरच्या घरी प्रयत्न केलात तर माझी ना नाही. शिवाय असंही बजावलं होतं की इंजेक्शनांचा अंमल उतरेपर्यंत पट्ट्यांच्या नादी लागू नका, तोवर त्या थापा मारतात. मी शहाण्या मुलीसारखी थांबले आणि मग सुरुवात केली.

आता माझा धंदा तुला माहीतच आहे. रंगाच्या दुकानात शेड जुळवायची. कोणी भिंतीचा पोपडा आणतं, कोणी पडद्याचं टोक, एकाने तर बूट आणला होता, आणि मी तोच रंग डब्यात कालवून द्यायचा. नुसत्या पांढऱ्यात मला इतके पांढरे दिसतात की लग्नाच्या साडीदुकानात तू माझ्यावर वैतागली होतीस. आणि ही पट्टी म्हणजे काय? दोन रेघा. एक नमुन्याची, ती कायम असते. दुसरी नमुन्याइतकी किंवा त्याहून गडद झाली की बीज सुटायच्या बेतात आहे असं समजायचं. म्हणजे थेट माझंच काम! मला वाटलं, बाकीच्या बायका चुकत असतील, आपण काय चुकणार? अगं, कसलं काय! रोज न्हाणीघरात उभी राहून मी त्या दोन रेघांकडे बघते आणि मला घाम फुटतो. खिडकीशी नेली की जुळलेली वाटते, दिव्याखाली नेली की नाही वाटत. यांना विचारावं तर हे चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, दोन्ही रेघा सरळ आहेत. लिफ्टवाल्याला दुसरं काय दिसणार!

शेवटी मी पट्टी दुकानात नेली. आमच्याकडे उजेडाची एक पेटी आहे, तिच्यात ऊन, ट्यूब, साधा बल्ब असे वेगवेगळे उजेड लावून रंग पारखता येतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी मागच्या बाजूला सगळा कार्यक्रम उरकला, पट्टी पेटीत ठेवली आणि तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर आले. ते होते निवृत्त कवायतमास्तर. बायकोच्या खोलीला रंग हवा, पण कुठला ते सांगता येत नाही, फार भडक नको, फार मिळमिळीत नको. मी शेडकार्डांचा गठ्ठा काढून देते तोवर मास्तर स्वतःच पेटीपाशी जाऊन सावधान उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पट्टीवर बोट ठेवलं. हा! म्हणाले, या बारक्या कार्डावरचा दुसरा! (मी जमिनीत जायची तेवढी राहिले होते.) मी सांगितलं की हा रंग बंद झालाय. मास्तर म्हणाले, समोर तर दिसतोय. मी म्हटलं, कंपनी बाहेरची आहे. मास्तर म्हणाले, तुमची कीर्ती ऐकूनच आलोय, तुम्ही काहीही जुळवता म्हणे. आता कीर्तीपुढे कोणाचं काय चालतं?

आणि मग सुरू झाली खरी पंचाईत, कारण ती पट्टी थोड्याच वेळात वाळते आणि रेघेचा रंग बदलतो. मी दोन थेंब लाल घालावे तर तोवर नमुनाच पुढे सरकलेला. दुसऱ्या दिवशी मास्तर आले, वाळलेली पट्टी बघून म्हणाले, काल याहून टवटवीत होता, ताजा नमुना नाही का? वहिनी, मी एका निवृत्त कवायतमास्तरांच्या भिंतीसाठी ताजा नमुना तयार करून दिला आहे. याहून जास्त गिऱ्हाइकासाठी माणसाने काय करावं? शेवटी एकदाचा रंग जमला. आमच्या दुकानात मालकांच्या वडिलांपासूनचा एक नियम आहे: ज्याने रंग कालवला त्याने तो पास करायचा नाही. कालवणाऱ्याला तो जुळावा असं इतकं वाटत असतं की त्याला तो जुळलेलाच दिसतो. म्हणून मी कालवते तेव्हा मालक बघतात, मालक कालवतात तेव्हा मी बघते. मालकांनी माझा रंग पेटीत धरला, शेजारी पट्टी धरली, मग पट्टी धरून माझ्याकडे एकदा पाहिलं. (त्यांना तीन मुली आहेत.) म्हणाले, पास, आणि नमुना जपून न्या. बस, एवढंच. त्या दिवसापासून दुपारी मी मागे गेले की ते स्वतः काउंटरवर येऊन बसतात. रंगाला नाव द्यायचं असतं, तर मी कार्डावर 'वहिनी गुलाबी' असं लिहून टाकलं. मास्तर खूश, त्यांची बायको खूश, आणि आता त्यांच्या शेजाऱ्यालाही तोच हवाय.

आता सासूबाईंचं रामायण. एका सकाळी चहा संपला म्हणून त्यांनी तुझा डबा उघडला. खाली पाकिटं. त्यांच्या तरुणपणी साखर बघायला अशाच पट्ट्या असायच्या, त्यामुळे सुनेने आपल्यासाठीच आणून ठेवल्या असं समजून त्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी एक वापरली. मला दुकानात फोन, आवाज खोल गेलेला: तू घरी ये, माझं काही खरं नाही, साखर दुप्पट झालीय, दोन रेघा आल्यात. मी धावत घरी. पाहते तर काय, वहिनी, अशी रेघ! गडद, भरलेली, काठापर्यंत एकसारखी. माझ्या जन्मात मला अशी आली नव्हती आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई ती हातात धरून शेवटच्या निरोपाच्या तयारीत बसलेल्या! मला इतकं हसू आलं की आधी त्यांना वाटलं मी रडतेय, आणि मग मी खरंच रडले. मग सगळं सांगणं भाग पडलं, पट्ट्या कशाच्या, मधली विश्रांती कशाची, सगळं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्याही हसल्या. पट्टी जो हार्मोन पकडते तो या वयात कायमच चढलेला असतो म्हणे, पट्टीला काय कळतंय समोर कोण आहे ते. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या घरात निदान एकीची तरी येते." वर आणखी म्हणाल्या, तुझीही येईल, घाई कसली आहे. मला घाई आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनाही आहे हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून त्या बाई आमच्या बाजूला आल्या. गरज पडली की काठी घेऊन समोरच्या बागेत बाकावर जाऊन बसतात आणि परत येताना खालच्या मजल्यापासूनच मोठमोठ्याने खोकत वर चढतात. खोकला त्यांना मुळीच नाही.

आता हे ऐक आणि दादाला सांगू नकोस. यांना कामावर फोन घेता येत नाही, लिफ्टच्या बोगद्यात लटकलेले असतात. म्हणून कंपनीतल्या फोनवरच्या बाईंकडे निरोप ठेवायचा, आणि निरोप काय ठेवायचा हे आम्ही दोघांनी ठरवलेलं: स्वयंपाकघरातला नळ गळतोय, लवकर या. हा निरोप दर महिन्याला जायचा. फोनवरच्या बाई मनाने फार चांगल्या, त्यांना आमची दया आली. दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतःच्या घरातला नळ याच्याने होत नाही म्हणजे काय! त्यांचा भाऊ प्लंबर. तो यांच्याही आधी दारात हजर. मी दार उघडलं ते गजरा-बिजरा माळून, आणि समोर पाना घेतलेला परका माणूस! त्याने नळ उघडला, बंद केला, कान लावला. नळ कोरडा ठणठणीत. पण बहिणीने सांगितलंय गळतोय म्हणजे गळतोय, भाऊ मागे हटेना. तेवढ्यात हे जिने चढून धापा टाकत आले. यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आता नळ गळत नाही म्हणावं तर मग निरोप कशाचा? तेव्हा हेही गंभीरपणे म्हणाले, हो, मधूनमधून गळतो. झालं! प्लंबरने सगळं उघडलं, हे शेजारी बसून बॅटरी धरतात, सासूबाई बागेतून खोकत परत आल्या तरी काम चालूच. मग त्याला घालवायचा त्यांनीही प्रयत्न केला. ऊन मावळायच्या आत जांभया दिल्या, मला आता दिवा सोसत नाही म्हणाल्या, दोनदा त्याची चप्पल दाराबाहेर नेऊन ठेवली. तो म्हणाला, आजी, काम अर्धवट टाकून जाणाऱ्यातला मी नाही. शेवटी कुठलीशी चकती तुटली, ओट्यावरून पाणी थेट पलंगाखाली, आणि आम्ही चौघं बादल्या आणि फडकी घेऊन. तो महिना प्लंबरने नेला.

हसतेस ना? हस. मीही हसते, पण तुला एक सांगायचंय, जे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मागच्या फेरीनंतर रक्ताच्या तपासणीपर्यंत दम निघेना म्हणून मी घरीच दुसरी चाचणी केली होती, दिवस राहिलेत का बघायची. आणि मला रेघ दिसली होती, वहिनी. फिकट, पण दिसली होती. मी यांना दाखवली, यांनाही दिसली. हे लिफ्टच्या टपावर काम करणारे गृहस्थ, पण त्या दिवशी यांचे पाय जमिनीवर नव्हते. आम्ही दोघांनी मिळून नावंसुद्धा काढली. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि नर्सबाईंनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी येऊन मी ती चाचणी पुन्हा काढून पाहिली तर तिच्यावर काहीही नव्हतं. नव्हतंच. सगळ्या पांढऱ्यांमधला फरक ओळखणाऱ्या बाईला नसलेली रेघ दिसली होती. हे मला म्हणाले, चूक माझीपण आहे, मलाही दिसली. एवढं म्हणणारा नवरा मिळाला म्हणून मी अजून उभी आहे. सासूबाई, मालक, ती फोनवरची बाई, तो चिवट प्लंबर, सगळी माणसं न मागता माझ्या बाजूने उभी राहिली, आणि या सगळ्याच्या मुळाशी तुझा चहाचा डबा आहे. तुझे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, म्हणून निदान भिंतीला तुझं नाव दिलं.

एक बारीक तक्रार मात्र आहे, राग मानू नकोस. तुझ्या पट्ट्या आताशा बिघडल्यात. मुदत पाहिली, ती अजून आहे. पण या आठवड्यात जी काढावी ती गडद. आज गडद, उद्या गडद, परवा सासूबाईंच्या तोडीस तोड. इतके दिवस बीज सुटायच्या बेतात कसं राहील? बहुधा चहाचा दमटपणा लागला असावा. असो. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, दादाला कानात घालायला कापूस आणि भिंगरीच्या चारही दातांना माझे पापे.

तुझी,
नणंद (दुकानातली, दुष्ट नव्हे)

ता. क. पत्र बंद करणार होते तेवढ्यात कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन आले. म्हटलं, नवं पाकीट तरी घेऊन ठेवावं. तिथल्या बाईंना पट्ट्या बिघडल्याचं सांगितलं तर त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाल्या, पट्ट्या बिघडलेल्या नसतीलही. या पट्टीला एका हार्मोनच्या जागी दुसराही चालतो, दोघे दिसायला भाऊभाऊ आहेत, आणि तो दुसरा दिवस राहिल्यावर येतो. खात्री कसलीच नाही, पण ती दुसरी चाचणी करून बघा. मी घेतली. अजून उघडलेली नाही. ती तुझ्या डब्यातच आहे, उरलेल्या चहाखाली.

ता. क. दुसरा. वर एक सांगायचं राहिलं. प्लंबर गेल्यापासून नळ खरोखरच गळायला लागला. तेव्हा मागच्या महिन्यात मी खरंखुरं नळासाठीच फोन केला, आणि हे केस विंचरून, अत्तर लावून हजर! मी म्हटलं, अहो, खरंच नळ. हे म्हणाले, खरंच? त्या सकाळी पट्टी फिकट होती, ठरलेला दिवस कुठलाच नव्हता, आम्ही ओट्याशी उभे राहून पोट दुखेपर्यंत हसलो. आणि सासूबाई सवयीने आधीच बागेत जाऊन बसल्या होत्या. नळ अजून गळतो. यांनी दुरुस्त करायला घेतला होता, मी हात लावू दिला नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी येशील? ती चाचणी मी करेन, पण बघणार नाही. आणि यांनाही बघू देणार नाही. दुकानाचा नियम माहीत आहे ना, ज्याने कालवला त्याने पास करायचा नाही, आणि या कामात यांचाही हात आहे. सासूबाई म्हणतात मी बघते, पण त्यांना आताच गडद दिसतेय, चाचणी डब्यात असताना. तू ये. दोन वर्षं तू अशा रेघा पाहिल्यास, नसलेल्याही पाहिल्यास, तुला फरक कळतो. आईला सांग, नणंदेकडे रंग बघायला चाललेय. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसू, भिंगरीला माझ्या मांडीवर दे, आणि तू आत जाऊन खिडकीच्या उजेडात बघ. असली तर आहे म्हण. नसली तर नाही म्हण, मला धीर द्यायला खोटं बोलू नकोस, आणि भिंगरीला मात्र लगेच माझ्याकडून काढून घेऊ नकोस.